गरम झाली की बंद

ता. २ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

पत्र उघडलंस की तू आधी मधमाश्यांची खुशाली शोधशील आणि मग माणसांची, म्हणून त्याच क्रमाने लिहिते. पेट्या भरलेल्या आहेत, राण्या ठणठणीत आहेत. आई-बाबा बरे आहेत. आजारी आहे ती तुझी पिकअप.

म्हणजे माझी. गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून तू लेकीकडे राहायला गेलीस आणि पेट्यांसकट गाडी मला दिलीस, तरी माझ्या तोंडून अजून ‘आत्याची गाडी’ असंच निघतं. सकाळी एका झटक्यात सुरू होते. इंजिन चांगलं तापलं की आचके देते आणि भर रस्त्यात बंद पडते. थंड झाली की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. शिवाय हेडलाइट मिणमिणतात. एका मेकॅनिकने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग बदलले. दोघांच्याही आवारात ती शहाण्यासारखी चालली. शेवटी बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो गाडीभोवती फिरला, टायरवर थाप मारून गेला. मला ते बघवलं नाही.

सफरचंदाच्या बागा पुढच्या आठवड्यात फुलतील. बागमालकाने यंदा फक्त आपल्यालाच सांगितलंय. टेम्पोवाले मधमाश्या म्हटलं की हात जोडतात. भरल्या पेट्या घेऊन मी उन्हात अडकले तर माश्या आतल्या आत घुसमटतील. एवढी वर्षं तू एकटीने हे कसं निभावलंस, ते आता कुठे कळायला लागलंय. सुरुवात कुठून करू ते कळव.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
मुंगी


ता. ५ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

गाडीला आजारी म्हणू नकोस. तिला काहीतरी सांगायचंय आणि सगळे ऐकून घेण्याआधीच औषध पाजतायत. आता एकही भाग विकत आणू नकोस.

ती बंद पडेल तेव्हाच तपास. थंड गाडी तपासणं म्हणजे ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाणं. पेट्यांऐवजी वाळूची पोती भर आणि फिरव. बंद पडली की लगेच एवढंच बघ, ठिणगी येत नाही की पेट्रोल येत नाही. एका प्लगची जाड वायर काढून तिला जुना प्लग लाव, तो इंजिनच्या लोखंडाला टेकव आणि बापाला किल्ली फिरवायला सांग. वायर हाताने धरू नकोस, कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धर. तो झटका मी एकदा खाल्लाय, आणि आईला कसले कसले शब्द येतात हे तुझ्या आतेबहिणीला त्याच दिवशी कळलं. ठिणगी निळी हवी, चट्‌ चट्‌ वाजली पाहिजे. पिवळी, मरतुकडी असेल तर माझा संशय कॉइलवर आहे. बॅटरीच्या करंटमधून मोठी ठिणगी तीच तयार करते, आणि म्हातारी झाली की उष्णतेत दगा देते.

हेडलाइटसाठी इंजिनपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी जाड पट्टी बघ. गंजली असेल तर घासून चकचकीत कर. आणि एका छोट्या बल्बला दोन लांब वायरी जोडून जवळ ठेव. करंट कुठवर पोचतोय ते तो खरं सांगतो.

तुझा बाप कुरकुर करेल. लहानपणी चेन पडली की हा सायकल विकायला निघायचा. मनावर घेऊ नकोस.

माया आहे तशीच, माश्यांनाही सांग.
तुझी आत्या


ता. ९ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तू इतक्या लांबून ओळखलंस. थंड असताना ठिणगी निळी होती. बंद पडल्यावर पिवळी, तीही एक सोडून एक. बाबांनी किल्ली फिरवली, कुरकुर केली, आणि ठिणगी बघायला मात्र दोनदा खाली उतरले. दुसऱ्या गाडीची चांगली कॉइल मिळाली, ती मी स्वतः बसवली. पट्टी इतकी गंजली होती की घासताना बोटं हिरवी झाली. आता हेडलाइटने समोरची भिंत उजळून निघते.

काल संध्याकाळी पोती घेऊन तासभर फिरवली. एकदाही बंद पडली नाही. उद्या पेट्या संध्याकाळी बंद करून ठेवते आणि परवा उजाडायच्या आत निघते. बाबा म्हणाले, ते सोबत येतात.  

लोभ आहेच, धीर तेवढा पाठव.
मुंगी


ता. १३ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुला धक्का बसेल. पोरगी दमून झोपली आहे आणि हे तिने लिहिलं तर ती दोन ओळींत उरकेल, म्हणून मीच बसलो.

गाडी घाटात बंद पडली. ऊन वर आलं होतं, मागे पेट्यांमधला आवाज वाढत चालला होता. आता संपलं सगळं, असं मी म्हणालो. तिने ऐकलंच नाही. पिण्याचं सगळं पाणी माझ्या हातात दिलं आणि पेट्यांवर झाकलेली रिकामी पोती भिजवत राहा, मी सांगेपर्यंत थांबू नका, म्हणाली. घरात माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी मुकाट्याने भिजवत राहिलो.

तिने तुझा तो बल्ब काढला. बॅटरीवर लावला तर लखलखीत. कॉइलवर लावला तर निखाऱ्यासारखा लाल. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, बाबा, कॉइल चांगली आहे, तिला पोटभर मिळत नाहीये. वाटेत कुठेतरी गळतंय. आणि कॉइलपासून ती वायर बोटांनी चाचपत मागे मागे गेली. डॅशबोर्डखालून इंजिनकडे जिथे पत्र्यातून वायर जाते तिथे तिचं बोट पोळलं. भोकातलं रबर केव्हाच झडलेलं, वायर पत्र्यावर घासलेली, आतल्या तारांपैकी दोन-तीनच शिल्लक. परवा संध्याकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्याला तेवढ्या पुरल्या असतील, उन्हात घाट चढताना नाही.

तिने किल्ली बंद केली, तेवढा तुकडा कापला, मागच्या हौद्यातल्या दिव्याची वायर काढून तिथे जोडली, पत्र्याच्या कडेला स्वतःच्या ओढणीची पट्टी फाडून गुंडाळली.   पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली तेव्हा मी तोंड फिरवून पोती भिजवत राहिलो. पाणी संपलं होतं, तरी.

पेट्या बागेत उतरल्या. दार उघडल्यावर माश्या क्षणभर दारातच थांबल्या, मग थेट झाडांवर गेल्या. बागमालकाने मला विचारलं की मेकॅनिक कोण. मी तिच्याकडे बोट दाखवलं. भंगारवाला परत आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

अक्का, तू गाडी चालवायचीस तेव्हा मी लोकांना सांगायचो की आमच्या बहिणीचं जरा विचित्रच आहे. आता तेच मी लेकीबद्दल सांगतो, फक्त छाती पुढे काढून.

कृपालोभ वाढत राहो.
तुझा भाऊ


ता. १७ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं, मग जावयाला, मग शेजारच्या नर्सबाईंना. त्यांनी पत्र्याच्या भोकाजवळच्या वायरीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि माझं उत्तर संपेपर्यंत त्यांना ड्यूटीवर जायला उशीर झाला.

मी बिचाऱ्या जुन्या कॉइलला उगाच फासावर दिलं. ती जपून ठेव, ती निर्दोष आहे. मी असते तर घाटात दुसरी कॉइल बसवत बसले असते आणि माश्या गेल्या असत्या. बल्ब मी सांगितला, पण त्याचं ऐकलंस तू. एवढ्या वर्षांत ती वायर मागे मागे चाचपत जावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फुलोरा संपला की पेट्या परत आणायला जाशील. त्या दिवशी मी येणार आहे. घाबरू नकोस, चालवायला मागणार नाही. एवढी वर्षं ती गाडी मी चालवली, पण शेजारच्या सीटवर कधी बसले नाही. घाट म्हणे सुंदर आहे. माझी नजर कायम रस्त्यावर. तू चालव, मी खिडकीतून बघत बसते.

जागा राखून ठेव, माया आहेच.
तुझी आत्या