विरोधकाची खुर्ची

पिंपरी पेंढार, मंगळवार, संध्याकाळ

घरी येऊन लिहायला बसलेय. भीतीने नाही, रागाने.

आमच्या ख्रिस्ती अभ्यासगटाचा हा नियम सॅम्युएल काकांनीच घातलेला. कायद्याबद्दल काहीही छापण्याआधी सगळ्यात कट्टर विरोधकाला बोलवायचं, चांगली लाकडी खुर्ची द्यायची आणि मसुदा वाचून दाखवायचा. आज धर्मांतराच्या कायद्यावरच्या आमच्या लेखाचा मसुदा होता. आमचे गावातले सगळ्यात कट्टर विरोधक भाऊसाहेब आले, पण सोबत तरणी पोरं घेऊन.

काकांनी दुसरं पान उलटलं आणि भाऊसाहेब उठले. "लई शिकवता व्हय आमाला?" असं ओरडून त्यांनी तीच खुर्ची काकांच्या डोक्यात घातली. खुर्ची मोडली. काका पडले, तरी पोरं लाथा घालतच होती. पानं रक्ताने भिजली. मी काय केलं? खुर्चीचा तुटलेला पाय उचलला आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर हाणला. दात पडल्याचा आवाज आला. बरं वाटलं. अजून वाटतंय.

पोरं भाऊसाहेबांना उचलून पळाली. दवाखान्यात टाके घालून घेताना काका म्हणाले, "रूथ, वाचन अर्धंच राहिलं गं. त्यांना परत बोलव. खुर्ची नवी आण."

मी हो म्हणाले. बोलवीन. खुर्चीचा तो पाय मात्र मी घरी आणलाय. कशासाठी, ते आजच्या प्रार्थनेत देवालाही सांगितलं नाही.