देवीच्या डोहावरचा मुक्काम

खेड, पौष, सन १९३१

आये,

गोऱ्या साहेबाची मोटार उद्या आपल्या गावात येतेय. थंडीच्या दौऱ्यात त्याचे तंबू कुठे ठोकायचे, ते मीच ठरवतो. पिसांचा गळ टाकून मासे धरायचा त्याला भारी नाद. दोन मुक्काम झाले, एक मासा लागला नाही. "पुढेही असंच झालं तर घरी जा," म्हणाला. घाबरून मी देवीचा डोह सांगून बसलो. तिथे कोणी गळ टाकत नाही म्हटलं, तर हसला.

हे पत्र तुला देवीचा गुरवच वाचून दाखवणार, म्हणून धाडवत नाही.

मला ही नोकरी लागली म्हणून तू नवसाचा भात रोज त्या माशांना घालतेस. काठावर माणूस दिसला की ते आपणहून वर येतात. आये, उद्याही येतील गं!

तुझ्यासमोर कसा येऊ,
केरू