घर दाखवणारी

३ मार्च
अखेर एजंटचा परवाना हातात पडला. दुसऱ्या खेपेला का होईना, परीक्षा पास झाले. ताईने माझी व्हिजिटिंग कार्डं गल्लीभर वाटली. त्यातल्या निम्म्यांना घर घ्यायचंही नाही नि विकायचंही नाही. भाऊजी म्हणाले, आता आमचंच घर कुणाला दाखवू नकोस म्हणजे मिळवलं. ऑफिसात पाण्याच्या कूलरशेजारचं टेबल मिळालंय. साहेबांनी पहिल्याच दिवशी एक किल्ली दिली, रस्त्याच्या टोकाला असलेल्या दुमजली घराची. आधीची मुलगी ते बघायची, ती मध्येच सोडून गेली म्हणे. मला काय, आयतं घर मिळालं.

५ मार्च
घर बघून आले. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन आहेत. वरच्या खोलीची खिडकी नुसतं बोट लावलं तरी उघडते. घर कित्येक वर्षं बंद आहे म्हणे, तरी कुठे धुळीचा कण नाही. रिकाम्या खोल्यांतून फिरत गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते मोठ्याने म्हणून पाहिलं. आधी जीभ अडखळली, मग जमलं. त्या घरात माझा आवाज फार छान लागतो.

८ मार्च
पहिलं गिऱ्हाईक, एक दाताचे डॉक्टर आणि त्यांची आई. आत शिरताच ताईचा फोन आला, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. परतले तर आई खुशीत. वरच्या बाईंनी सगळं छान समजावून सांगितलं म्हणाल्या. वर जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. साहेबांना विचारलं तर चहा ढवळत ते एवढंच म्हणाले, की तिथे एकटी असताना बोलत जाऊ नकोस.
हे आधी सांगायला काय झालं होतं?

१३ मार्च
ताई रागावली आहे. दुपारी घरी येऊन जेवलीस आणि एक शब्द न बोलता निघून गेलीस, म्हणाली. मी दुपारभर ऑफिसात होते. भाऊजींनी हसण्यावारी नेलं. पण ताई म्हणाली, तुझ्या अंगाला बंद खोलीसारखा वास येत होता.

१७ मार्च
डॉक्टरांच्या आईने घर पक्कं केलं. काल मी त्यांना परत घर दाखवलं म्हणे, आणि किती गोड बोलले. काल मी अंथरुणातून उठलेही नव्हते, ताप होता. साहेबांनी माझ्याकडे न बघताच अभिनंदन केलं. जाता जाता म्हणाले, आधीच्या मुलीवरही शेवटी शेवटी गिऱ्हाइकं अशीच खूश असायची.
उद्या किल्ली परत करणार. नोकरी गेली खड्ड्यात.

१८ मार्च
किल्ली द्यायला निघाले आणि पाय या घराकडेच वळले. दार उघडं होतं. आत डॉक्टर, त्यांची आई आणि —
माझीच वेणी. माझाच ड्रेस. पाठमोरी. माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती.
आईने विचारलं, ह्या कोण. ती म्हणाली, ही घरातलीच आहे, तुम्हाला हिचा काही त्रास व्हायचा नाही. आई मान डोलावून पुढे गेल्या. डॉक्टरांनी खुर्ची सरकवावी तसं मला बाजूला केलं.
मग ते सगळे निघून गेले. बाहेरून कुलूप.

दुपार झाली असावी
खिडकी आता उघडत नाही. ओरडले. रस्त्याने माणसं जातायत, वर कुणी बघत नाही.
फोन लागला एकदाचा. ताईच होती. मी म्हटलं, ताई, मी बोलतेय. ती म्हणाली, राँग नंबर. तिच्या मागे कुणीतरी हसलं. ते हसू माझं —

ऊन उतरलं
खाली कुलूप उघडलं. ताईचा आवाज. भाऊजींचाही. दाखव की तुझं पहिलं घर, असं ताई लाडाने तिला म्हणतेय.
जिन्यावर आहेत. ताई ओळखेल. लहानपणापासून एका पांघरुणात झोपलोय आम्ही, ती मला ओळखणारच.
आले सगळे. ताईने खोलीभर नजर फिरवली. माझ्यावरूनही. म्हणाली, रिकामी खोली किती मोठी वाटते, नाही?
हात धरते तिचा. हात धरला. ती शहारली, म्हणाली, इथे गारठा आहे गं. आणि ती दुसरी माझ्याकडे बघून —
ताई, जाऊ नकोस. ताई, मी