उंटझोप

एर्मेकदादा,

इथे बिश्केकमध्ये आम्ही नशा करणाऱ्यांचे इंटरनेटवरचे निनावी संदेश अभ्यासतो. कोण कोणाशी बोलतं, याचं जाळं संगणकावर विणतो. आज त्यात एक शब्द जिकडेतिकडे चमकला: उंटझोप.

"हे काय नवीन खूळ?" माझा सहकारी ताल्गात म्हणाला. मी मात्र तो लगेच ओळखला, तूच तर घडवलेला. लहानपणी मी गाढ झोपले की तूच ओरडायचास ना, "हिला उंटझोप लागली, हलवा!"

सगळे धागे मागे जात एकाच ठिपक्याशी, एकाच निनावी माणसाच्या संदेशाशी पोचले: "एकट्याने घेऊ नका. दाराची कडी काढून ठेवा. कुणाला उंटझोप लागली तर हलवा." अख्खं शहर तुझ्या शब्दाने एकमेकांना जागं करतंय, दादा! आणि तू घर सोडून गेल्यापासून आम्ही तुला मेलेला समजत होतो.

संदेशामागचा माणूस शोधायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

आत्ताच आई ओरडली, "दाराची कडी कुणी काढली गं? थंडी आत येतेय!"

तुझी,
जिबेक