आत्याने काढलेली कुंडी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? जहाजावरच्या स्वयंपाकघरात दिवसभर वाकावं लागतं असं आत्याकडून कळलं, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमी.

हल्ली मी ग्रंथालयातून पाश्चात्त्य चित्रकारांच्या गमतीजमतींचं एक जाडजूड पुस्तक आणलंय आणि दुकानात बाबा फ्रेमच्या पट्ट्या कापत असताना त्यांना वाचून दाखवते. (ऐकतच नाही असा आव आणतात, मी एखादं पान गाळलं की मात्र खाकरतात.) रेम्ब्रांटचं ते रात्रीच्या पहाऱ्याचं चित्र म्हणे मुळात दिवसाचंच, वरचं वार्निश काळवंडलं म्हणून लोकांनी त्याची रात्र करून टाकली. व्हेलास्केझच्या एका राजाच्या घोड्याला जास्तीचे पाय दिसतात, कारण त्याने आधी काढून झाकलेले पाय वरचा रंग विरळ झाल्यावर हळूच डोकावू लागले. आणि सगळ्यात कहर म्हणजे मोठमोठ्या संग्रहालयांत जुन्या चित्रांवरचा मळ काढायला चक्क थुंकी वापरतात. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा.

आता हे वाचून मी गप्प बसणार का? दुकानातलं आपल्या घरचं तैलचित्र धुळीने कळकट झालं होतं. तेच रे, आत्याने काढलेलं. बाबा खुर्चीत, शेजारी आई, पुढ्यात दात पडलेली मी, आणि बाबांच्या मागे कुंडीतलं झाड. तुला झाड आठवणार नाही, कारण तिथे तू होतास. तू दुकानात बसणार नाही म्हणून निघून गेलास त्याच आठवड्यात बाबांनी फर्मान काढलं आणि आत्याने तुझ्या जागी कुंडी मांडली. (झाडही तुझ्यासारखंच, एका बाजूला कललेलं.) हे इतकी वर्षं तुला कुणी सांगितलं नाही, आता माझ्यावर डाफरू नकोस.

बाबा जेवायला गेले तशी मी स्टुलावर चढले. आईचा चेहरा असा उजळला की मला चेवच आला. मग झाडाकडे वळले, तर बोळा हिरवागार! एक पान पुसलं गेलं आणि खालून तुझा कान बाहेर आला. भीतीने माझ्या तोंडाला अशी कोरड पडली की पुढचं पुसायला थुंकीही उरली नाही.

तशीच आत्याकडे पळाले. ती शांतपणे चहा गाळत होती. जुनी चित्रं दुरुस्त करणारे वरून जो रंग लावतात, तो पुढेमागे पुसता येईल असाच लावतात, म्हणाली. तिनेही तुझ्यावर आधी वार्निशचा थर दिला आणि झाड साध्या पाण्याच्या रंगांत काढलं. भावाचा राग मला ठाऊक आहे, पण पोराला कायमचं कशी पुसू, असं ती म्हणाली तेव्हा मला रडूच कोसळलं.

बाबांनी कान पाहिला. मग दुपारभर पट्ट्या वाकड्या कापल्या. संध्याकाळी म्हणाले, आत्याला रंग घेऊन बोलाव. वाटलं, आता कानही पुन्हा झाकणार. आत्या आली, बाबांनी तिला चहा पाजला, तिच्या दातदुखीची चौकशी केली आणि रंगांची पेटी उघडू न देताच तिला वाटेला लावलं.

तुझी,
धाकटी

ता. क. : हे पत्र केवळ तुझ्या कंबरेच्या चौकशीसाठी आहे. उगाच रजाबिजा मागत बसू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच दुकानात डोकावले, तर दुखऱ्या गुडघ्यासकट बाबा स्टुलावर, हातात बोळा! तुझे खांदे, हात, शर्टाची बटणं, सगळं लख्ख केलंय. चेहऱ्यावरची पानं मात्र तशीच ठेवलीत. तेवढी मी पुसू का विचारलं, तर नको म्हणाले. आता कसा दिसतो कोण जाणे, आधी एकदा समोर येऊ दे.