बारावी घडी

मी, खाली दवाखाना असलेल्या घरातली, सर्जनची बायको, वय एक्क्याऐंशी, शिक्षण दुसरी, डोकं ठिकाणावर (शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं), कोणाच्या दाबाने नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहिते. आधीचे कागद रद्द समजावेत.

१. राहतं घर व खालचा बंद दवाखाना नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. ती आता स्वतः ऑपरेशनं करते. थोरल्याने हरकत घेऊ नये. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला रजा मिळत नव्हती, घर मागायला मिळेल.

२. बांगड्या धाकट्या सुनेला. ती भांडली ती तोंडावर भांडली.

३. यांची हत्यारं कंपाउंडरला. भाजी चिरू नये. निवृत्त झाल्यावर यांनी त्याच हत्यारांनी उशांचे अभ्रे शिवले, बारीक टाके घालून. म्हणायचे, "अगं, हजारो पोटं शिवली. हात चालू होते तोवर एकही आठवलं नाही. आता बसून आहे तर एकच आठवतं." कोणाचं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

४. ते इथे लिहिते. ऑपरेशनआधी गॉजच्या बारा घड्या मोजून द्यायच्या, पोट शिवण्याआधी बारा मोजून परत घ्यायच्या, हे काम माझं. शिंप्याच्या बायकोचं पोट उघडलं त्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका पेशंटच्या वेळी मी मोजायला चुकले होते. कंपाउंडरदेखत हे म्हणाले, "दुसरी पास बाईकडून आणखी काय होणार!" दुपारी शिंपिणीच्या वेळी यांनी विचारलं, "किती?" मी दोनदा मोजल्या. अकरा. पुन्हा बोलणी कोण खाणार? म्हटलं, "बारा." यांनी शिवलं. ती तीन महिन्यांत तापाने गेली.

५. निवृत्तीनंतर हे रोज चारला कोपरापर्यंत हात धुऊन जेवणाच्या टेबलाशी उभे राहायचे. "किती?" "बारा." हातात दोरा, पण शिवत नसत. नुसते माझ्याकडे बघत. सहा वर्षं. वारले त्याला दोन वर्षं झाली, तरी चारला नळ सुरू होतो. प्लंबरने दोनदा वायसर बदलला. मग टेबलापाशी आवाज येतो, "किती?" मी रोज "बारा" सांगते. मी गेल्यावर उत्तर नातीला द्यावं लागेल. माझं खोटं पोरीच्या गळ्यात नको, म्हणून हा कागद.

६. इथवर लिहिलं आणि चार वाजले. नळ सुरू झाला. "किती?" मी म्हटलं, "अहो, अकरा. तेव्हाही अकराच होत्या." "बरं" म्हणाले. नळ बंद झाला. टेबलावर एक घडी आहे, ओली. आमच्या घरात गॉज उरलेला नाही.

७. ती घडी या कागदासकट शिंप्याच्या हातात द्यावी. तो काय म्हणेल ते ऐकायला मी आहे. माझ्या मरणाची वाट बघू नये. आजच द्यावी.

सही: वरील बाई, स्वतःच्या हाताने
ठिकाण: जेवणाचं टेबल
तारीख: चौदा, मंगळवार, दुपारचे सव्वाचार

साक्षीदार पहिली, शेजारच्या निवृत्त शिक्षिका: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरा, कंपाउंडर: घडी मी उचलून पाहिली. आमच्याच दवाखान्याची, तीच दुमड. अजून कोमट आहे.