मास्तरांची वाक्यं

१४ ऑक्टोबर, शनिवार दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, चिंगीला पापा. माझा खोकला गेला. पोटभर जेवतो, हे आईला शपथेवर सांग. बाबांना माझा नमस्कार सांगितलास तर ते नुसतं "हं" म्हणतील. तेवढंही पुरे.

तू पाठवलेले कागद मिळाले. बाबांनी कोणाकोणाचे उंबरे झिजवले असतील, कल्पना आहे मला. माफीपत्रावर सही केली की परत यायला मोकळीक, कॉलेजात पुन्हा जागा. "कोपऱ्यात एवढीशी सही तर करायची आहे," असं तू लिहिलंस. त्याचं सांगतो, आधी बाकीचं ऐक.

आमची मंडळी सध्या एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत नाटक करते. भिंतींना अजून साबणाचा वास येतो. प्रेक्षक सगळे आपल्या देशातून पळून आलेले. दिवसा कोणी टॅक्सी चालवतं, कोणी परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालतं, आणि संध्याकाळी कडक इस्त्री करून येतात. मी खिळे ठोकतो, पडदा ओढतो आणि विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतो. कॉलेजात चार ओळी पाठ होत नव्हत्या, इथे अख्खं नाटक तोंडपाठ आहे. हस, हस.

नाटक आमच्या मास्तरांचं. हो, तेच, ज्यांना भर वर्गातून उचलून नेलं आणि मी प्राचार्यांच्या टेबलावर खुर्ची आपटून कॉलेज सोडलं, आणि पाठोपाठ देशही सोडावा लागला. ते अजून तुरुंगात आहेत. नाटकातल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम ते स्वतः करायचे. आमच्या दिग्दर्शिका बाईंनी ठरवलं, ते काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. त्यांचं वाक्य आलं की सगळ्यांनी गप्प थांबायचं, तेवढा वेळ जाऊ द्यायचा, मग पुढे बोलायचं.

पहिल्याच प्रयोगाला मी घोळ घातला. नायिकेचं काम करणारी मुलगी समोर उभी होती. मागे तुला "इथे एक मुलगी आहे" एवढंच लिहिलं होतं ना, ती. ती थांबली. माझं डोकं ठिकाणावर कुठलं, तिच्याकडे बघत बसलो होतो. वाटलं, विसरली ही! आणि विंगेतून खणखणीत बोलून गेलो, "मोठ्यानं सांग, पोरी. घाबरून बोललेलं मला ऐकू येत नाही."

ते मास्तरांचं वाक्य होतं.

पलीकडच्या विंगेतून बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की आता धोपटतात. ती मात्र सावरली, तिचं उत्तर बोलली. आणि ताई, मास्तरांचं पुढचं वाक्य खालून, प्रेक्षकांतून आलं! आधी एक बाई बोलली, मग तिच्या शेजारचा, मग रांगच्या रांग. तिकडे कितीदा पाहिलेलं नाटक, लोकांना त्यांचं सगळं काम पाठ होतं. अजून लिहिताना काटा येतो अंगावर.

मध्यंतरात बाई आल्या. "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"चुकलं, बाई."

"उद्या त्याच जागी चुकायचं. आणि आवाज वाढव."

तेव्हापासून पहिलं वाक्य माझं, बाकीची लोकांची. नाटकवाल्यांनी आजवर काय उजेड पाडला, असं बाबा विचारतात ना? तिकडे ज्यांचं नाव छापायला बंदी आहे, ते मास्तर इथे रोज संध्याकाळी बोलतात, म्हणावं.

आता ती सही. ताई, सहीच्या वर काय छापलंय, वाचलंस? "शिक्षकांनी आमची दिशाभूल केली." त्यांचा खटला पुढच्या महिन्यात उभा राहतोय. हेच कागद तिथे दाखवणार.

बाबांना वाटतं, मी पोरीपायी इथे अडकलोय. मग हेही सांगून टाकतो. तिलाही असेच कागद आले होते, आणि तिनं सही केली. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली आहे. तोंडाचा रंग पुसता पुसता ती मला म्हणाली, "तूही चल. तिकडे गेल्यावर घरी बोलू, आपल्याबद्दल." आपल्याबद्दल! हा शब्द ऐकायला मी किती तडफडलो होतो, ते माझं मला ठाऊक. आणि मी काय बोललो? भित्री म्हणालो तिला.

ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आईची कूस कोण बदलणार? तुझे प्रेक्षक?"

काल तिची बॅग उचलून स्टेशनवर सोडून आलो. गाडी हलेपर्यंत "चल" म्हणत होती. ती पोचली की तिला भेट, पत्ता सोबत जोडलाय. कोणी नावं ठेवली तर ऐकून घेऊ नकोस. तिनं तिच्या आईकडे पाहिलं. पण मास्तरांविरुद्ध माझी सही कोणाला मिळायची नाही.

आज नायिकेचं काम आमच्या साठीच्या दिग्दर्शिका बाईच करणार आहेत. वेणीसुद्धा घातली आहे त्यांनी. लोक हसले तर हसू देत.

कागद कोरेच परत पाठवतोय. बाबांना सांग, इतके दिवस मला हाकललेलं होतं, म्हणून इथे होतो. कालपासून माझ्या मर्जीनं राहिलोय.

ताठ मानेनं, आणि (हे फक्त तुला) सुजलेल्या डोळ्यांनी,

तुझा धाकटा